उजनीत बुडालेलं गाव जुन्या टोपोशीटवरून कसं शोधायचं

प्रश्न असा आहे: आजोबांचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी होतं. उजनी धरणात ते बुडालं. आता ‘एक इंच म्हणजे एक मैल’ या मापाच्या जुन्या टोपोशीटचं, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या चढउतार, वाटा आणि गावं दाखवणाऱ्या नकाशाचं, स्कॅन हाती आलं आहे. गाव नेमकं कुठे होतं, देऊळ, विहिरी आणि वाटा कुठे होत्या, आणि हे सगळं आजच्या नकाशावर कसं बसवायचं?

शीट उघडली की नजर लगेच गावाच्या नावाकडे जाते. तिला जरा थांबवा आणि आधी शीटच्या कडा वाचा. समासात तीन वेगवेगळ्या तारखा असतात: जमिनीवर मोजणी कधी झाली, शीट पहिल्यांदा कधी छापली आणि पुन्हा कधी छापली. जुन्या शीटबाबत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. छपाई 1940 च्या दशकातली असते, पण मोजणी त्याआधी तीस-चाळीस वर्षांची असते. मधल्या आवृत्तीत फक्त रेल्वे आणि मोठे रस्ते दुरुस्त केलेले असतात. मग एकाच कागदावर नवा रस्ता आणि तोवर उठून गेलेली वस्ती शेजारी शेजारी दिसतात, आणि वाचणारा दोन्ही एकाच काळातलं समजतो. समासात मोजणीच्या हद्दी दाखवणारी छोटी आकृती असेल तर तीही बघा. शीटचा अर्धा भाग एका वर्षी आणि उरलेला दुसऱ्या वर्षी मोजलेला असू शकतो.

समास कापला गेला असेल तर तारीख नकाशातूनच काढावी लागते. तुमच्या भागात त्यासाठी खुणा चांगल्या आहेत. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमाराचा. बार्शी–कुर्डुवाडी ही अरुंद रुळांची लाइन 1897 ची. वालचंदनगर 1930 च्या दशकात वसलं. शेजारच्या शीटवर कळंबजवळ नुसतं माळरान असेल आणि वालचंदनगरचं नावही नसेल, तर मोजणी त्याआधीची. उजनीचं पाणी दिसलं तर शीट 1980 च्या आसपासची किंवा नंतरची, आणि तुमच्या कामाला ती थेट उपयोगाची नाही.

आता शीटचा क्रमांक. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पद्धतीत 47 क्रमांकाचा चौकोन म्हणजे 72 ते 76 अंश पूर्व रेखांश आणि 16 ते 20 अंश उत्तर अक्षांश. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग केले आहेत. त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं वरून खाली, मग पुढच्या उभ्या ओळीत, अशी दिली आहेत. प्रत्येक अक्षराचे पुन्हा 15 मिनिटांचे सोळा भाग, त्याच क्रमाने 1 ते 16. भिगवण साधारण 18 अंश 18 मिनिटं उत्तर, 74 अंश 46 मिनिटं पूर्व. म्हणजे अक्षर जे, आणि त्यात चौथ्या उभ्या ओळीतला तिसरा चौकोन: 47 जे/15. भिगवण या शीटच्या अगदी पश्चिम काठाला आहे, त्यामुळे 47 जे/11 सुद्धा लागते. दक्षिणेकडची गावं 47 जे/16 वर जातात. नदीकाठच्या गावाचा शिवार एका शीटमध्ये मावेल असं धरून चालू नका, लगतच्या शीट आधीच मिळवून ठेवा. सर्वेक्षण विभागाच्या ओपन सिरीज या आजच्या खुल्या नकाशांमध्ये क्रमांक बदललेत: 47 जे/15 आता ई43आय15 झाली आहे. शेवटचा आकडा तोच राहतो, त्यामुळे जुळवणं सोपं जातं.

पूर्ण शीट नसेल तर अमेरिकन लष्कराने 1950 च्या दशकात काढलेले 1:2,50,000 मापाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात मोफत मिळतात. ते मूळ भारतीय शीटवरूनच बेतलेले आहेत. गावाचं नाव आणि नदीचं वळण ओळखायला पुरतात, विहीर शोधायला नाही.

स्कॅनबद्दल. मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही, कारण भिंगामुळे कडा वाकतात आणि ती वाक नंतर गणिताने नीट निघत नाही. सपाट स्कॅनर हवा, 300 ते 400 डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके). 400 डीपीआयला एक ठिपका जमिनीवर साधारण 4 मीटरचा येतो. त्याहून बारीक स्कॅन केलं तरी माहिती वाढत नाही, कारण नकाशावरची 0.3 मिलिमीटरची रेघच जमिनीवर 19 मीटर रुंद आहे. विहिरीचं एक मिलिमीटरचं वर्तुळ म्हणजे 63 मीटर. एवढ्या मापाच्या शीटवरून पाच मीटर अचूकतेने विहीर सापडेल, ही अपेक्षा मनातून काढून टाका. पन्नास मीटरच्या आत पोचलात तर काम उत्तम झालं. झेरॉक्सची प्रत असेल तर मोठी किंवा छोटी झालेली असणारच. छापलेल्या ‘1:63,360’ वर विसंबू नका, खालची मोजपट्टी मोजा. जुना कागद आडवा आणि उभा सारखा आखडत नाही, हेही लक्षात असू द्या.

जिओरेफरन्सिंगसाठी, म्हणजे स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्यासाठी, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. एक इंची शीटवर अक्षांश-रेखांशांच्या रेघा दर 5 मिनिटांनी असतात. म्हणजे चार आडव्या आणि चार उभ्या, एकूण सोळा छेदनबिंदू. हे सोळाही बिंदू द्या, फक्त चार कोपरे देऊन थांबू नका. कोपरे नेमके घडीवर किंवा फाटलेल्या जागी येतात. पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर (पॉलिनॉमियल 1, सगळी शीट एकसारखी ताणणारं) आधी करून बघा. चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत, म्हणजे जमिनीवर 30 मीटरच्या आसपास आली तर तेच ठेवा. एखादा बिंदू एकटाच कित्येक किलोमीटर दाखवत असेल तर बहुधा आकडा चुकीचा टाइप झाला आहे, 74 अंश 50 ऐवजी 55 वगैरे. थिन प्लेट स्प्लाइन हा शीट जागोजागी वेगळी ताणणारा पर्याय लगेच निवडू नका. त्यात चूक शून्य दिसते, पण ती फक्त लपलेली असते.

खरी गफलत पुढे आहे. अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजले यावर अवलंबून असतात. या शीट एव्हरेस्ट गोलाभ या जुन्या आकारावर आहेत, मोबाइलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या आजच्या आकारावर. छापलेले आकडे डब्ल्यूजीएस 84 समजून टाकले तर इंदापूर परिसरात सगळा नकाशा शंभर-दीडशे मीटर सरकतो. सोळाही बिंदू अचूक दिलेत आणि चूकही छोटी आली, तरी देऊळ नदीच्या पलीकडे दिसतं आणि नकाशाच खोटा वाटू लागतो. म्हणून बिंदू देताना प्रणाली कल्याणपूर 1975, म्हणजे क्यूजीआयएसच्या यादीतला ईपीएसजी 4146 हा क्रमांक निवडा आणि मग डब्ल्यूजीएस 84 मध्ये रूपांतर करा. शीट 1905 च्या आधीच्या आकड्यांवर असेल तर अडचण याहून मोठी आहे. तेव्हाचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर होते, आणि ते जवळजवळ अडीच मिनिटांनी चुकलेले होते. तुमच्या अक्षांशावर ते चार किलोमीटरहून जास्त भरतं. पूर्व-पश्चिम दिशेने सगळंच चार किलोमीटर सरकलेलं दिसलं तर हेच कारण.

रूपांतर झाल्यावर तपासणी हवी. त्यासाठी नदीचा संगम, रस्त्याचं वळण किंवा ओढ्याचा काठ घेऊ नका, शंभर वर्षांत यातलं काहीच जागेवर राहत नाही. टेकडीवरचा त्रिकोणमितीचा बुरूज, दगडी देऊळ, जुना रेल्वे पूल घ्या. डिकसळचा जुना पूल मूळचा रेल्वेचा आहे. उजनीमुळे लोहमार्ग हलवला तेव्हा तो रस्त्यासाठी उरला. जुन्या शीटवर रूळ जिथे भीमा ओलांडतात तो बिंदू आणि आजचा पूल एकमेकांवर बसले, तर तुमचं काम बरोबर आहे. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ ही दुसरी उत्तम खूण. एरवी ते पाण्यात असतं, पण दुष्काळी उन्हाळ्यात बाहेर येतं. गूगल अर्थमध्ये 2016, 2019 किंवा 2024 च्या एप्रिल-मेच्या प्रतिमा शोधल्या तर शिखर आणि सभोवतालचं गावठाण दिसण्याची चांगली शक्यता आहे.

आता पाण्याची हद्द जुन्या शीटवर काढा. उजनीची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 497 मीटर, म्हणजे 1,630 फूट. जुन्या शीटवर समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा 50 फुटांनी असतात, त्यामुळे 1,600 आणि 1,650 या दोन रेषांच्या मध्ये, 1,600 पासून सुमारे तीन पंचमांश अंतरावर पाण्याचा काठ येतो. 1,600 च्या आतलं सगळं नक्की बुडीत. 1,650 च्या बाहेरचं नक्की कोरडं. मधला पट्टा सपाट जमिनीवर एक किलोमीटर रुंदही असू शकतो, तिथे शीटवर छापलेले उंचीचे सुटे आकडे शोधा आणि त्यांवरून ठरवा. उपग्रहाची आजची उंचीची माहिती इथे निरुपयोगी आहे. तिला पाण्याचा सपाट पृष्ठभागच दिसतो, तळ नाही. बुडालेल्या जमिनीचा चढउतार फक्त जुन्या शीटवर उरला आहे.

हे सगळं झालं की वाचनाला बसा. गावाचं नाव बाजूला ठेवून आधी वाटा बघा. एक इंची शीटवर गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट वेगवेगळ्या तुटक रेघांनी दाखवतात. भीमेच्या एका काठावर तीन वाटा एका बिंदूला येऊन थांबतात आणि समोरच्या काठावरून दोन वाटा निघतात. मध्ये काहीच चिन्ह नसलं तरी तिथे नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा, होती. नावेने पार व्हायची जागा, म्हणजे तर, असल्यास ती शब्दानेच लिहिलेली असते. करमाळा आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली सोयरीक, बाजार आणि जत्रेची ये-जा या उतारांवरून चालायची. धरण झालं आणि नाती तीच राहिली, पण वाट वळसा घालून चाळीस-पन्नास किलोमीटरची झाली. काठाकाठाने उतार मोजत गेलात तर जुन्या जगाचा खरा आराखडा हाती लागतो, आणि मला वाटतं शीटवर यापेक्षा मोलाचं दुसरं काही नाही.

दुसरी खूण. कधी कधी पाच-सहा वाटा शेतात एका मोकळ्या जागी येऊन मिळतात, जिथे घर नाही, नाव नाही. जवळ एखादं देवळाचं चिन्ह, एक विहीर, दोन-चार झाडं असतात. अशी जागा बहुधा उठून गेलेलं गावठाण असते. महसुली दप्तरात अशा गावाला बेचिराग म्हणतात. लोक त्या जागेला पांढर किंवा पांढरी म्हणतात, कारण शेकडो वर्षांची राख, शेण आणि मातीच्या भिंतींचा चुरा यामुळे आजूबाजूच्या काळ्या रानात तेवढाच तुकडा फिकट राहतो. भीमेच्या खोऱ्यात नदीकाठी काळ्या मातीत असलेली अशी टेकाडं फार जुनी असू शकतात. घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं ते ताम्रपाषाण युगातल्या वस्तीचं.

काठाला लागून छोट्या आकड्याबरोबर इंग्रजी आर अक्षर दिसलं तर ती सापेक्ष उंची आहे: दरड किंवा बांध आजूबाजूपेक्षा तेवढा उंच. जुन्या शीटवर आकडा फुटांत, 1:50,000 च्या मेट्रिक शीटवर मीटरमध्ये. काठाची दरड उंच असेल तर गाव अगदी पाण्याशी भिडून वसलेलं सापडतं, पूर तिथे चढत नसे. दरड नसेल तिथे गावठाण मागे सरकलेलं असतं. नदी मात्र शीटवर बारीक निळी आणि भोवती ठिपक्यांची वाळू अशी दिसेल. मोजणीवाले पावसाळा टाळून हिवाळा-उन्हाळ्यात रानात असत, त्यामुळे तो उन्हाळी प्रवाह आहे.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. शीटवर नाही म्हणजे तिथे नव्हतं, असं होत नाही. विहिरी निवडून दाखवल्या जात. छोटं म्हसोबाचं ठाणं, चावडी, गावकुसाबाहेरची वस्ती यांना नाव मिळेलच असं नाही. शीटवर जे आहे त्याचा पुरावा धरा, जे नाही त्यावर काही सिद्ध करू नका.

वाड्यांच्या आतला तपशील टोपोशीट देणार नाही. त्यासाठी महसुली गावनकाशा लागतो, आणि इथे तुमच्या तालुक्याचं भाग्य मोठं आहे. मुंबई इलाख्यातली शेत हे एकक धरणारी रयतवारी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकाच्या मध्यावर इंदापुरातच सुरू केली. पुढे हीच पद्धत सगळ्या इलाख्यात गेली. बंदोबस्त, म्हणजे ठरवलेला शेतसारा, साधारण तीस वर्षांचा असे आणि मग फेरमोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा, टिपण (शेताच्या मोजणीची नोंद), फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी) यांच्या नकला अर्ज करून मिळतात. अर्जात आजचा गट नंबर लिहून चालत नाही. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आधी त्या योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा काढा आणि जुना सर्व्हे नंबर शोधा. बुडीत जमिनीचा सातबारा शासनाच्या नावे गेलेला असतो, तिथे भूसंपादनाचे नकाशे आणि पुनर्वसन कार्यालयातली बुडीत क्षेत्राची यादी हाच धागा. ई-अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर काही गावांची कागदपत्रं घरबसल्या दिसतात, पण जुना नकाशा बहुतेक वेळा कार्यालयातच जाऊन मागावा लागतो.

गावनकाशावर माप साखळ्यांत असतं. इथली मोजणीची साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची. इंग्लंडमधली गुंटरची साखळी 66 फुटांची. पट्टीवर ‘एक इंच वीस साखळ्या’ असेल तर ते 660 फूट, म्हणजे 1:7,920. चुकून 66 धरलंत तर लांबी दुप्पट आणि क्षेत्र चौपट येतं. ताळा घ्यायचा असेल तर 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे 1,089 चौरस फूट, हाच एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. एखाद्या मोठ्या सर्व्हे नंबरचं क्षेत्र नकाशावर मोजा आणि उताऱ्यातल्या एकर-गुंठ्यांशी जुळवा, चूक लगेच कळते.

गावनकाशा टोपोशीटवर बसवताना गावठाण, देऊळ, ओढ्यावरची पाणंद आणि शेजारच्या गावाकडे जाणारी वाट हे सामाईक बिंदू घ्या. गावच्या शिवा एक इंची शीटवर सहसा नसतात, त्यामुळे शिवेच्या दगडावर विसंबता येत नाही. सहा-आठ बिंदू पुरतात.

तिसरी जुळवणी अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांच्या छायाचित्रांशी करा. ती 1960 ते 1972 ची आहेत, 1995 मध्ये खुली झाली आणि यूएसजीएस या अमेरिकन भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर मिळतात. आधीच स्कॅन झालेल्या फ्रेम मोफत उतरवता येतात, बाकीच्यांचे पैसे पडतात. चांगल्या फ्रेममध्ये दोन-तीन मीटरचा तपशील कळतो. उजनीच्या आधीची भीमा, वाळूचे पट्टे, काठावरचं गावठाण, बैलगाड्यांनी घासलेल्या पांढऱ्या वाटा, हे सगळं तिथे प्रत्यक्ष दिसतं. टोपोशीट सर्वेक्षकाने निवडून काढलेली असते. छायाचित्रात निवड नसते, म्हणून दोघांत फरक आढळला तर छायाचित्राचा कौल धरा. नावांसाठी मात्र शीटकडेच या.

पुस्तकांत 1880 च्या दशकातली पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची गॅझेटिअर्स बघाच. गावनिहाय टिपणं, बाजाराचे वार, नावेच्या तरी आणि रस्ते यांचे तपशील त्यांत आहेत. शीटवर दिसलेल्या उताराचं नाव तिथे सापडू शकतं.

प्रत्यक्ष जागेवर जायचं असेल तर मे महिना, पाणी आटलेलं असताना. तयार केलेला नकाशा मोबाइलवर घ्या, पण चालताना स्थानिक कोळी किंवा गाळपेर करणारा शेतकरी बरोबर हवा. वरून सुकलेला गाळ आतून ओला असतो आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. पायाखाली वीरगळ, सतीशिळा, जातं, उखळ दिसतील. उचलू नका, उकरू नका. फोटो काढा, जीपीएसचा आकडा लिहा आणि महत्त्वाचं काही वाटलं तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. जागेवरून हललेल्या वीरगळाचा अर्धा अर्थ निघून जातो.

शेवटचं काम घरात बसून करायचं आहे आणि ते सर्वांत घाईचं आहे. शीटवरची सगळी नावं रोमन लिपीत आहेत. त्या लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द यांत फरक उरत नाही. कळाशी आणि कालठण ही दोन्ही इंदापुरातली गावं, पण माहिती नसलेल्या माणसाला कुठे ळ आणि कुठे ल हे शीट सांगणार नाही. बुद्रुक आणि खुर्द फक्त दोन-दोन अक्षरांत येतात. शीटचा तुमच्या गावाभोवतीचा चार-पाच मैलांचा भाग ए3 कागदावर मोठा छापा. ज्यांनी ते गाव उभं पाहिलं आहे, अशा सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढे ठेवा. नाव विचारताना ‘हे अमुक का?’ असं सुचवू नका. नकाशा नदीच्या दिशेने फिरवून धरा आणि ‘उताराच्या वरच्या अंगाला काय होतं?’ असं विचारा. बायकांना पाणवठा, धुण्याची जागा आणि देवीचं ठाणं जास्त नेमकं आठवतं, पुरुषांना शीव, पाणंद आणि मळ्यांची नावं. दोघांना वेगवेगळं विचारा. एकाने सांगितलं ते दुसऱ्याला आधी सांगू नका. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवलं की ते नाव देवनागरीत, सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे, क्यूजीआयएसच्या वेगळ्या स्तरात तारखेसह नोंदवा. ज्यावर मतभेद झाला ते नाव खोडू नका, शेजारी प्रश्नचिन्ह घालून दोन्ही लिहा.